शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर

१८६५ सालच्या ऑगस्ट महिन्याची बारावी तारीख. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या मोठ्या रुग्णालयात अकरा वर्षांच्या एका मुलाला उचलून आणण्यात आले. त्याचे नाव जेम्स. एका रिकाम्या गाडीचे चाक त्याच्या डाव्या पायावरून गेले होते. गुडघ्याखालचे हाड मोडले होते आणि त्याच्याजवळच कातडी फाटून दीड इंच लांबीची जखम झाली होती.

आजच्या वाचकाला ही दुखापत फार भयंकर वाटणार नाही. परंतु त्या काळी अशा मुलाच्या आईबापांच्या तोंडचे पाणी पळे. हाड मोडले पण कातडी शाबूत राहिली, तर रोगी बहुधा बरा होई. कातडी फाटून हाडाचा आणि बाहेरच्या जगाचा संबंध आला, की मात्र तीन-चार दिवसांत जखमेत पू होई, ताप चढे, मांस कुजू लागे आणि पुष्कळदा त्यातच रोग्याचा अंत होई. म्हणून शस्त्रवैद्य वाट पाहत बसत नसत. ते पाय कापून टाकीत. आणि गंमत अशी, किंवा दुःखाची गोष्ट अशी म्हणा, की पाय कापल्यानंतर जी नवी जखम होई, तीही तशीच कुजे.

जेम्सच्या पायाचे काय करावयाचे, हे ठरविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, ते शस्त्रवैद्य म्हणजे जोसेफ लिस्टर. त्या वेळी त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते. पाय कापावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले. हे धाडस त्यांनी कशाच्या बळावर केले, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे गेले पाहिजे.

जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळच्या अप्टन या गावी झाला. त्यांचे घराणे क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक साधा पोशाख करीत, साधे बोलत आणि खोट्याचा फार तिटकारा करीत. वडील मद्याचे व्यापारी होते. पण त्यांचा खरा जीव व्यापारात नव्हता, तो सूक्ष्मदर्शक यंत्रात होता. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की वस्तूभोवती रंगांची झालर दिसे आणि आकृती पुसट होई. लिस्टर यांच्या वडिलांनी फावल्या वेळात भिंगे जुळवून हा दोष पुष्कळसा दूर केला. कोणत्याही विद्यापीठात न शिकलेल्या या व्यापाऱ्याला इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने आपले सभासद करून घेतले. अशा घरात वाढलेल्या मुलाला लहानपणापासूनच डोळे उघडे ठेवून पाहण्याची आणि पाहिलेले जसेच्या तसे रेखाटण्याची सवय लागली. प्राण्यांचे सांगाडे स्वच्छ करून जोडणे हा जोसेफचा आवडता खेळ होता. आपण शस्त्रवैद्य होणार, हे त्याने शाळेत असतानाच घरी सांगून टाकले होते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांत त्या वेळी इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळत नसे. म्हणून जोसेफने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नाव घातले. तेथे सर्व धर्मांच्या आणि पंथांच्या मुलांना मुक्तद्वार होते. डिसेंबर १८४६ मध्ये त्याच कॉलेजच्या रुग्णालयात एक ऐतिहासिक घटना घडली. रॉबर्ट लिस्टन या नामांकित शस्त्रवैद्याने ईथरची भूल देऊन एका रोग्याचा पाय कापला आणि रोग्याला काहीच कळले नाही. त्या प्रसंगी विद्यार्थ्यांच्या गर्दीत एकोणीस वर्षांचा जोसेफ लिस्टरही होता, असे सांगतात. यानंतर थोड्याच काळात त्याला देवी आल्या. त्यातून तो उठला, पण त्याचे मन इतके खचले, की शिक्षण सोडून त्याला दीर्घकाळ विश्रांती घ्यावी लागली. पुढे तो परत आला, आणि १८५२ साली वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला.

भुलेचा शोध लागला, तेव्हा सर्वांना वाटले, की आता शस्त्रक्रियेचे भय संपले. झाले मात्र उलटेच. पूर्वी रोगी वेदनेने तळमळत असे, म्हणून शस्त्रवैद्य अगदी नाइलाज झाला तरच सुरी हाती धरीत. आता रोगी शांत झोपलेला असे; त्यामुळे शस्त्रक्रिया अधिक होऊ लागल्या, अधिक वेळ चालू लागल्या, आणि मरणारे रोगीही अधिक दिसू लागले. शस्त्रक्रिया उत्तम पार पडे. रोगी मरे तो नंतर, आठ-दहा दिवसांनी, आपल्या खाटेवर. कोणाला धावरे होई, कोणाचे रक्त दूषित होई, कोणाची जखम कुजून काळी पडे. या रोगांना रुग्णालयाचे रोग असेच नाव पडले होते, कारण घरी राहिलेल्या रोग्यापेक्षा रुग्णालयात आलेल्यालाच ते अधिक गाठीत.

त्या काळच्या रुग्णालयांचे वर्णन वाचताना अंगावर शहारे येतात. शस्त्रक्रियेच्या वेळी शस्त्रवैद्य जुना कोट घाली. त्यावर रक्ताचे आणि पुवाचे थर वाळून तो कडक झालेला असे, आणि कोट जितका कडक, तितका वैद्य अनुभवी असे मानले जाई. एका रोग्याच्या जखमेत घातलेली सळई नुसती पुसून दुसऱ्याच्या जखमेत घालीत. हात धुवावयाचे ते शस्त्रक्रिया झाल्यानंतर! यात त्या लोकांची निष्काळजी होती असे मात्र आपण घाईने म्हणू नये. जखम कुजते ती रुग्णालयातल्या दूषित हवेमुळे, असे बहुतेक विद्वानांचे मत होते. हवाच दोषी असेल, तर हात धुऊन काय होणार?

१८५३ साली लिस्टर एडिंबरो येथे गेले. तेथील जेम्स साइम हे त्या वेळचे फार नावाजलेले शस्त्रवैद्य. एक महिनाभर त्यांचे काम पाहून परत यावे, एवढाच लिस्टर यांचा बेत होता. पण गुरूला शिष्य आवडला आणि शिष्याला गुरू. महिन्याची वर्षे झाली. साइम यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी १८५६ मध्ये लिस्टर यांचा विवाह झाला. ती क्वेकर नव्हती. पंथाबाहेर लग्न करावयाचे म्हणून लिस्टर यांना आपल्या पूर्वजांचा पंथ सोडावा लागला.

ॲग्नेसबाईंचे नाव या कथेत एकदाच घेऊन पुढे जाणे बरोबर होणार नाही. त्यांना मूलबाळ झाले नाही. घरात जे काही होते, ते म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्र, काचेच्या कुप्या आणि वह्या. लिस्टर प्रयोग करीत आणि पाहिलेले तोंडाने सांगत. ॲग्नेसबाई तासन् तास बसून ते टिपून घेत. त्यांच्या सुबक अक्षरांतील वह्यांची पानेच्या पाने आजही जपून ठेवलेली आहेत. जखम झाली म्हणजे शरीरात नेमके काय होते, हा लिस्टर यांचा पहिला प्रश्न होता. बेडकाच्या पायाचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातले रक्त कसे वाहते, कसे मंदावते आणि कसे थांबते, हे ते दोघे रात्री-रात्री पाहत. ग्रंथात काय लिहिले आहे याकडे पाहण्यापूर्वी जखमेकडे पाहावयाचे, ही लिस्टर यांची रीत येथेच पक्की झाली.

१८६० साली लिस्टर ग्लासगो विद्यापीठात शस्त्रविद्येचे प्राध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी तेथील रुग्णालयातील काही कक्ष त्यांच्याकडे आले. इमारत नवी होती. तरीही रोगी मरत. पुढे जमीन खणली, तेव्हा लिस्टर यांच्या कक्षाच्या भिंतीला लागूनच, जमिनीखाली अगदी थोड्या खोलीवर, १८४९ च्या पटकीच्या साथीत मेलेल्यांच्या शवपेट्यांचे थर सापडले. दूषित हवेचे मत मानणाऱ्यांना याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? परंतु लिस्टर यांच्या मनाचे समाधान होईना. त्यांना एक कोडे पडले होते. मोडलेली बरगडी कधी कधी फुप्फुसात घुसते आणि तेथून हवा आत शिरते; तरी बाहेरची कातडी शाबूत असेल तर आत पू होत नाही. तीच हवा फाटलेल्या कातडीतून आत गेली, की जखम कुजते. हवेतच विष असते, तर असा भेदभाव तिने का करावा? फुप्फुसातून येणारी हवा वाटेत गाळली जाते आणि कातडीतून शिरणारी तशीच येते. मग गाळले जाते ते काय?

या कोड्याचे उत्तर त्यांना शस्त्रविद्येच्या ग्रंथात सापडले नाही. १८६५ साली ग्लासगोचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लेखांकडे त्यांचे लक्ष वेधले. पाश्चर हे वैद्य नव्हते. दूध का नासते, द्राक्षांचा रस का आंबतो, यांचा ते अभ्यास करीत होते. त्यांनी दाखवून दिले होते, की कुजणे आणि आंबणे ही क्रिया हवेमुळे होत नाही. हवेतल्या धुळीबरोबर वाहत येणारे, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव ती घडवून आणतात. पाश्चर यांनी काचेच्या कुपीत नासणारा द्रव घालून कुपीची मान तापवून लांब आणि वाकडी केली आणि मग तो द्रव उकळला. वाकड्या मानेतून हवा मोकळेपणाने आत जाई; धूळ मात्र वळणात अडकून राही. महिनेच्या महिने गेले तरी तो द्रव नासला नाही.

लिस्टर यांनी हे प्रयोग आपल्या घरी स्वतः करून पाहिले. त्यांच्याही कुप्यांतील द्रव वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहिला. पुढे ते एडिंबरोला राहावयास गेले, तेव्हा त्या कुप्या त्यांनी तान्ह्या मुलाप्रमाणे जपत बरोबर नेल्या.

आता कोडे उलगडले. जखमेत जे घडते, तेही कुजणेच आहे. मग त्याचे कारणही हे सूक्ष्म जीवच असले पाहिजेत. त्यांचा नाश करण्याचे तीन मार्ग पाश्चर यांनी सांगितले होते : हवा गाळणे, उष्णता देणे, किंवा एखाद्या रसायनाचा उपयोग करणे. माणसाचे मांस उकळता येत नाही आणि जखमेला गाळणी बसविता येत नाही. राहिला तिसरा मार्ग. इंग्लंडमधील कार्लाइल या गावी गटाराचे पाणी शेतात सोडण्यापूर्वी त्यात कार्बोलिक आम्ल घालीत असत, असे लिस्टर यांच्या वाचनात आले. डांबरातून निघणाऱ्या या आम्लामुळे दुर्गंधी तर जाईच, शिवाय त्या कुरणात चरणाऱ्या गुरांना होणारा कृमींचा उपद्रवही थांबला होता. पुढे या आम्लाचा साबणही निघाला. त्याचा उग्र वास आपल्याकडील जुन्या पिढीच्या पुष्कळ लोकांना ओळखीचा आहे. गटारासाठी वापरलेली ही वस्तू लिस्टर यांनी माणसाच्या जखमेसाठी निवडली.

पहिला प्रयोग फसला. मार्च १८६५ मध्ये एका रोग्याच्या अशाच जखमेवर त्यांनी कार्बोलिक आम्ल लावले. पण जखम कुजलीच. दुसरा कोणी असता, तर त्याने ते औषध फेकून दिले असते. लिस्टर यांनी जखमेवर उपचार कसा झाला, याचा विचार केला आणि दोष औषधाचा नसून आपल्या हाताळणीचा आहे, असा निष्कर्ष काढला. योग्य रोगी येईपर्यंत त्यांना पाच महिने थांबावे लागले. असा तो रोगी म्हणजेच आपला अकरा वर्षांचा जेम्स.

लिस्टर यांच्या सूचनेप्रमाणे त्यांच्या हाताखालच्या वैद्याने कार्बोलिक आम्लात भिजविलेली कापडाची घडी जखमेवर बसविली, पायाच्या दोन्ही बाजूंना कापसाचे अस्तर दिलेल्या फळ्या बांधल्या आणि पाय तसाच ठेवला. एक दिवस गेला, दोन गेले. चार दिवस कोणी त्या पट्टीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मुलाने पाय दुखत असल्याची तक्रार केली. याच सुमारास जखम कुजू लागते, हे लिस्टर यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी फळी काढली, पट्टी उचलली आणि वाकून पाहिले. पू नव्हता. दुर्गंधीही नव्हती. जखमेच्या कडेची कातडी तेवढी थोडीशी लाल झाली होती, आणि ती लाली कुजण्याची नव्हती. तीव्र आम्लाने कातडी पोळली होती.

येथे लिस्टर यांचा सावधपणा पाहण्यासारखा आहे. यश मिळाले म्हणून त्यांनी तेच औषध तसेच चालू ठेवले नाही. आम्लाने जंतू मरतात खरे, पण कातडीही दुखावते, हे दिसताच त्यांनी पाण्यात थोडेसे आम्ल मिसळून पाच दिवस पट्ट्या ठेवल्या. तेही झोंबू लागले, तेव्हा ऑलिव्हच्या तेलात आम्ल मिसळून पाहिले. सहा आठवड्यांनी फळ्या सोडल्या, तो हाड घट्ट सांधलेले होते. आणखी दोन दिवसांनी जखमही पूर्ण भरून आली. जेम्स दोन्ही पायांनी चालत घरी गेला.

एक रोगी बरा झाला म्हणून लिस्टर यांनी डंका पिटला नाही. पुढची दोन वर्षे ते एकेका रोग्याची हकिकत टिपीत राहिले. १८६७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपले लेख प्रसिद्ध केले. त्यात कातडी फाटून हाड मोडलेल्या अकरा रोग्यांचा वृत्तान्त होता. त्यांपैकी नऊ जण आपल्या अवयवासह बरे झाले. एकाचा अवयव कापावा लागला आणि एक दगावला. हे दोघेही त्यांनी लपविले नाहीत. काय झाले, केव्हा झाले आणि का झाले असावे, हे इतरांच्या बरोबरीनेच लिहिले. पुढे १८७० मध्ये त्यांनी हात-पाय कापण्याच्या शस्त्रक्रियांची आकडेवारी दिली. नव्या उपायापूर्वीच्या दोन वर्षांत अशा ३५ रोग्यांपैकी १६ मेले होते. नंतरच्या तीन वर्षांत ४० पैकी ६. एवढा फरक पाहून कोणीही हर्षभरित झाला असता. लिस्टर यांनी मात्र तेथेच बजावून ठेवले, की ही संख्या पक्का हिशेब मांडण्यास फार लहान आहे.

१८६७ च्या जून महिन्यात त्यांच्या धैर्याची निराळीच कसोटी लागली. त्यांची बहीण इझाबेला हिच्या छातीत कर्करोगाची गाठ झाली होती. अशा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर जखम कुजून रोगी जाण्याचे भय इतके होते, की वैद्य कचरत. अखेर लिस्टर यांनी आपल्या घरीच, कार्बोलिक आम्लाची सर्व काळजी घेऊन, स्वतःच्या हातांनी बहिणीवर शस्त्रक्रिया केली. जखम न कुजता भरली. तो आजार पुढे उलटला. पण त्या शस्त्रक्रियेने तिला जवळजवळ तीन वर्षांचे आयुष्य मिळाले.

आपल्याला वाटेल, की एवढे झाल्यावर साऱ्या जगाने लिस्टर यांना डोक्यावर घेतले असेल. तसे घडले नाही. क्लोरोफॉर्मच्या भुलेचे जनक सर जेम्स सिम्प्सन यांनीच त्यांच्यावर टीका केली. कार्बोलिक आम्ल फ्रान्समध्ये आधीच वापरले गेले आहे, मग यात नवे ते काय, असा आक्षेप निघाला. आपण आम्ल शोधून काढल्याचा दावा लिस्टर यांनी केलाच नव्हता. जंतूंना जखमेत शिरू द्यावयाचे नाही, हे त्यांचे तत्त्व होते. आम्ल हे त्याचे एक साधन होते. अनेक वैद्य मात्र जखमेवर आम्ल ओतीत, तीच न धुतलेली सळई तीत घालीत आणि मग उपाय फुकट आहे असे सांगत. न दिसणारे जंतू मानावयासच पुष्कळ जण तयार नव्हते. जर्मनीतील वैद्यांनी ही पद्धत अधिक लवकर उचलली. म्यूनिक येथील नुसबाउम यांच्या रुग्णालयात जखमा कुजण्याचा रोग थैमान घालीत होता. १८७५ मध्ये लिस्टर यांची पद्धत काटेकोरपणे पाळू लागताच त्याचे तेथून जवळजवळ उच्चाटन झाले.

१८६९ साली लिस्टर आपल्या सासऱ्यांच्या जागी एडिंबरोला परतले. तेथील वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती. व्याख्यानाला विद्यार्थ्यांची दाटी होई. रोग्यांशी ते अतिशय मृदू वागत. एका लहान मुलीने आपल्या बाहुलीचा निखळलेला पाय दाखविला, तेव्हा या जगप्रसिद्ध शस्त्रवैद्याने सुई-दोरा मागवून तो गंभीरपणे शिवून दिला, अशी एक गोष्ट सांगतात. याच काळात विल्यम हेन्ली नावाचा एक तरुण कवी त्यांच्याकडे आला. हाडाच्या क्षयामुळे त्याचा एक पाय पूर्वीच कापावा लागला होता आणि दुसराही जाण्याची वेळ आली होती. लिस्टर यांनी वीस महिने उपचार करून तो वाचविला. रुग्णालयातच हेन्लीची रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या लेखकाशी मैत्री जमली. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीतील एका पायाचा दणकट चाचा त्याला या मित्रावरूनच सुचला.

शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तवाहिनी बांधावयास त्या काळी रेशमी धागा वापरीत आणि त्याची टोके जखमेबाहेर लोंबत ठेवीत. तो ओढून काढताना पुन्हा रक्तस्राव होई, आणि त्या टोकांवाटे जंतू आत शिरत. लिस्टर यांनी मेंढीच्या आतड्याची तात आम्लात भिजवून वापरली. ती शरीरात आपोआप विरघळून जाई आणि टोके बाहेर ठेवण्याची गरजच उरत नसे. १८७१ मध्ये बाल्मोरल येथे व्हिक्टोरिया राणीच्या काखेतील मोठे गळू त्यांनी फोडले. दुसऱ्या दिवशी आत पू साठत आहे असे दिसले. तेव्हा त्यांनी आपल्याजवळच्या यंत्राच्या रबरी नळीचा एक तुकडा कापला, तो रात्रभर आम्लात ठेवला आणि पू वाहून जाण्यासाठी जखमेत बसविला. राणी बरी झाली.

रबरी नळी ज्या यंत्राची होती, त्या यंत्राची कथा मात्र सरळ नाही. जंतू हवेतून येतात, तर हवेतच त्यांना मारावे, या विचाराने लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचे तुषार उडविणारे यंत्र बनविले. शस्त्रक्रिया चालू असताना सारी खोली त्या धुक्याने भरून जाई. वैद्यांना खोकला येई, डोळे चुरचुरत, हातांची कातडी पांढरी पडून भेगाळे. तरी सोळा वर्षे लिस्टर यांनी ते यंत्र सोडले नाही, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवून जगभरच्या वैद्यांनीही ते वापरले.

१८७७ मध्ये लिस्टर लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले. एडिंबरोला चारशे विद्यार्थी ऐकावयास बसत. येथे मोजके येत, आणि त्यांतलेही काही थट्टा करीत. पहिल्याच महिन्यात त्यांनी एका माणसाच्या गुडघ्याची मोडलेली वाटी चांदीच्या तारेने जोडली. त्या माणसाची कातडी शाबूत होती. निरोगी कातडी मुद्दाम कापून सांधा उघडणे म्हणजे त्या काळी जिवाशी खेळणे होते. गुडघा न कुजता जुळून आला आणि टीकाकारांना गप्प बसणे भाग पडले.

वर्षे गेली. सूक्ष्मजीवांचा अभ्यास वाढला. हवेतील जंतूंपासून जखमेला धोका फार थोडा असतो; खरा धोका असतो तो शस्त्रवैद्याच्या हातांपासून, हत्यारांपासून, कपड्यांपासून आणि रोग्याच्या स्वतःच्या कातडीपासून, असे दिसून येऊ लागले. लिस्टर यांनी स्वतःही प्रयोग करून पाहिले, आणि १८८७ मध्ये तुषारांचे यंत्र बाजूस ठेवले. ते गुपचूप टाकून दिले असते, तरी कोणी विचारणार नव्हते. त्या वेळी त्यांची कीर्ती शिखराला पोहोचली होती. परंतु १८९० साली बर्लिन येथे जगातील मोठमोठ्या वैद्यांची परिषद भरली असताना, त्या भर सभेत लिस्टर उभे राहिले आणि हवेतील जंतू मारण्यासाठी हे यंत्र वापरा असा सल्ला आपण कधी काळी दिला, याची आपल्याला लाज वाटते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले. जेम्सच्या पायावरची पट्टी उचलताना ज्या नजरेने त्यांनी जखमेकडे पाहिले होते, त्याच नजरेने ते स्वतःच्या मताकडेही पाहू शकत होते. मला स्वतःला लिस्टर यांच्या चरित्रातील हा प्रसंग राणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

याच सुमारास जर्मनीतील वैद्यांनी हत्यारे व पट्ट्या वाफेत तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत बसविली. जखमेतले जंतू मारण्यापेक्षा ते तेथे पोहोचूच न देण्याचा हा मार्ग होता. उकळलेली हत्यारे, रबरी हातमोजे, तोंडावरची फडकी हे सारे त्यातूनच आले. आज अतिदक्षता विभागात अत्यवस्थ रोग्याच्या शिरेत नळी घालण्यापूर्वी परिचारिका हात धुते आणि कातडी जंतुनाशकाने पुसते, ती लिस्टर यांनी मांडलेल्या त्या तत्त्वाला अनुसरूनच.

लिस्टर आणि पाश्चर यांच्या भेटीचा एक प्रसंग मोठा हृद्य आहे. लिस्टर यांनी १८७४ मध्येच पाश्चर यांना पत्र लिहून आपल्या यशाचे श्रेय त्यांना दिले होते. २७ डिसेंबर १८९२ रोजी पाश्चर यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली. पॅरिसमध्ये थाटाचा समारंभ झाला. इंग्लंडच्या वतीने लिस्टर यांनी त्यांचा गौरव केला, तेव्हा पक्षाघाताने जर्जर झालेले पाश्चर उठून पुढे आले आणि त्यांनी लिस्टर यांना मिठी मारली.

त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १८९३ मध्ये, इटलीत प्रवासाला गेले असताना ॲग्नेसबाईंना न्यूमोनिया झाला आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. सदतीस वर्षे ज्यांनी वह्या लिहिल्या, त्यांचा हात थांबला. लिस्टर यांचे संशोधनही त्यानंतर पूर्वीसारखे झाले नाही. मानसन्मान मात्र येत राहिले. ज्या रॉयल सोसायटीचे त्यांचे वडील सभासद होते, तिचे ते अध्यक्ष झाले. १८९७ मध्ये त्यांना उमरावपद मिळाले.

१० फेब्रुवारी १९१२ रोजी केंट परगण्यातील वॉल्मर या समुद्रकाठच्या गावी लिस्टर यांचा अंत झाला. इंग्लंडमध्ये राजे आणि थोर पुरुष ज्या वेस्टमिन्स्टर ॲबीत चिरनिद्रा घेतात, तेथे त्यांना जागा देण्याचे ठरले होते. लिस्टर यांनी आपली इच्छा आधीच सांगून ठेवली होती. ॲबीत प्रार्थना झाली, आणि नंतर त्यांना लंडनमधील हॅम्पस्टेडच्या साध्या दफनभूमीत, ॲग्नेसबाईंच्या शेजारी, पुरण्यात आले.